माझ्या चिठ्ठीने पट्टा मिळत नाही

(डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या ग्रामसभांच्या तालुका मेळाव्यात आपल्या भागाच्या आमदारांनी केलेले हे भाषण. साथींनी घेतलेल्या टिपणावरून उतरवले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. सत्काराचा भाग गाळला आहे. — संपादक मंडळ)



मंडपात बसलेल्या आयाबायांनो, गावागावांचे भूमिया आणि पाटील, वनहक्क समित्यांचे अध्यक्ष-सचिव, आणि मागं झाडाखाली उभे असलेले पोरं-पोरी हो. शाल-नारळ झालं. आता कामाचं बोलू. तुमचे धानाचे पुंजणे चुरायचे बाकी आहेत हे मला माहीत आहे. तरी तुम्ही दिवस मोडून आलात, तर मी पण दिवस वाया जाईल असं बोलणार नाही.

या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगतो. १३ तारखेला सुप्रीम कोर्टाने हुकूम केला. ज्यांचे वनहक्काचे दावे शेवटपर्यंत नामंजूर झाले आहेत, त्यांना जंगलजमिनीवरून २४ जुलैच्या आत काढा, असं राज्यांना सांगितलं. देशभरात नामंजूर दावे दहा लाखांच्या वर आहेत. बातमी आपल्याकडं पोचली तसा माझा फोन वाजायला लागला. एका आजीनं नातवाच्या फोनवरून विचारलं, "बाबू, यंदा धान पेरू का नको पेरू?"

बस, एवढंच विचारलं. मी आमदार. विधानसभेत बसतो, माझ्या दारात पोलीस उभा असतो. पण त्या आजीला मला उत्तर देता आलं नाही. "बघतो, माय" म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढं देशभर गलका झाला, केंद्र सरकारही कोर्टात गेलं, आणि २८ फेब्रुवारीला कोर्टाने तो हुकूम थांबवला. थांबवला म्हणतो, रद्द केला म्हणत नाही. हा फरक ध्यानात ठेवा. कोर्टाने राज्यांना विचारलं, तुम्ही दावे नामंजूर केले ते कायद्याची पद्धत पाळून केले का? आजीनं धान पेरलं. कापलं पण. पण तिचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. आजचं माझं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाचं आहे.

आधी आपण काय कमावलं ते बघू. कारण भीतीच्या दिवसात माणूस आपली कमाई विसरतो.

आपल्या पूर्व विदर्भात जमीनदाऱ्या होत्या. १९५१ साली त्या गेल्या. तेव्हा कुणाला कुठून सरपण, बांबू, गवत घेता येतं, गुरं कुठं चारता येतात, हे निस्तारपत्रकात लिहून ठेवलं गेलं. म्हणजे हक्क होता, कागदावरही होता. पण हळूहळू जंगलावर खात्याचा ताबा घट्ट होत गेला, आणि जे आजोबाच्या काळात घरचं होतं ते बापाच्या काळात चोरीचं झालं. कुऱ्हाड खांद्यावर दिसली की पावती फाटायची. कोंबडी द्या, मोहफुलं द्या, नाहीतर नाव लिहितो. आपली शेती, जिला आपण जबरानजोत म्हणतो, ती तर नावातच गुन्हा घेऊन जन्मली.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या सुरुवातीलाच सरकारने लिहून दिलं, की जंगलात राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकार आपली चूक फार वेळा कबूल करत नाही. इथं केली. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो त्याला पट्टा, चार हेक्टरच्या मर्यादेत. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. आणि गावाला सामूहिक हक्क, म्हणजे पूर्वापार ज्या जंगलाची राखण केली, ज्यावर जगलो, ते जंगल सांभाळायचा आणि चालवायचा अधिकार.

कायदा तर झाला, पण तो जमिनीवर कुणी आणला? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने आणला. १८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्या गावाला २००९ साली मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव एकमताने निर्णय घेत होतं, अभ्यासगट चालवत होतं, आमच्या गावात आम्हीच सरकार म्हणत होतं. हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. का? तर १९२७ च्या जंगल कायद्यात बांबू झाड म्हणून लिहिलेला. वनहक्क कायद्यात मात्र बांबू गौण वनोपजात होता. एका सरकारची दोन पुस्तकं, आणि खात्याने सोयीचं पुस्तक उघडून ठेवलेलं. गावाने कायद्याचं पान दाखवलं, हट्ट सोडला नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिलं गेलं, की वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देईल. २०१७ साली दिल्लीने १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतूनही बांबू काढला. एका गावाने आधी पान उघडलं, मग मोठ्या पुस्तकातही दुरुस्ती झाली. विधानसभेत मी इतकी वर्षं काढली, माझ्या भाषणाने एवढं झालेलं मला आठवत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा. २०१२ मध्ये हक्क मिळाला. बांबू स्वतः तोडतात, स्वतः विकतात, मजुरी गावातच मिळते. पण तेंदूपत्ता त्यांनी तोडायचा बंद केला. चांगला पत्ता यावा म्हणून फांद्या छाटाव्या लागतात, आग लावावी लागते, त्याने जंगलाचं नुकसान होतं, म्हणून. हातातला पैसा सोडला. आपल्याला जंगलतोडे म्हणणाऱ्या शहरातल्या लोकांना हे कुणीतरी सांगितलं पाहिजे.

आता आपल्या तालुक्याचं. पूर्वी तेंदूच्या हंगामात आपण कोण होतो? मजूर. फळीवर पुडे नेऊन मोजायचे. सत्तर पानांचा पुडा. दिवाणजीच्या मनात आलं तर शंभरातले पाच-दहा पुडे बाद, आणि बाद केलेले परतही मिळत नसत. आज पेसा आणि वनहक्क या दोन कायद्यांच्या जोरावर ग्रामसभा स्वतः लिलाव करते. खात्यामार्फत विकायचं का स्वतः विकायचं, हा पर्याय ग्रामसभा ठरावाने निवडते. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, आणि दोन्हींचा हिशोब गावाच्या वहीत. कालपर्यंत अंगठा लावणारी माय आज विचारते, "बोद किती भरले? पैसे किती आले? वही दाखव." हे मोठं काम आहे. त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या तर तुमच्यासाठी वाजवा.

पण सत्कारात फक्त गोड बोललं तर ते मेळाव्याच्या कामाचं नाही. भाव चढला त्या वर्षी आपण भराभर करारावर सह्या केल्या. अनामत किती घ्यायची ते बघितलं नाही. पुढं भाव पडला, आणि काही ठेकेदारांनी रॉयल्टी थकवली. माल गेला, पैसा राहिला. काही गावांत सचिव एकटाच बँकेत जातो, वही त्याच्याच घरी, आणि ग्रामसभेला हिशोब वाचूनच दाखवला जात नाही. खात्याचा दिवाणजी गेला आणि आपलाच दिवाणजी बसला, तर राज्य कुणाचं आलं? आणखी एक. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून आपण झाडाखालचा पाला पेटवतो. ती आग वाऱ्यावर वणवा होते. आपलं जंगल म्हणायचं तर ही काडी आपणच थांबवली पाहिजे. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल, पाणी, वन्यजीव राखायची ताकद ग्रामसभेला दिली आहे. ताकद दिली म्हणजे जबाबदारीही दिली.

आता माझी चूक सांगतो.

त्या आजीचा दावा नामंजूर झाला होता. कधी झाला, तिला माहीत नव्हतं. कार्यालयाच्या भिंतीवर यादी लागली होती, नावापुढं एकच शब्द, 'नामंजूर'. कारण नाही, तारीख नाही, तिच्या हातात कागद नाही. ती माझ्याकडं आली. मी काय केलं? जे सगळे पुढारी करतात तेच. माझ्या लेटरहेडवर लिहिलं, "सदर अर्जदार गरीब असून योग्य ती कार्यवाही व्हावी." सही केली, शिक्का मारला. आजीनं चिठ्ठी कपाळाला लावली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मोठं वाटलं.

ती चिठ्ठी फाइलला टाचली गेली आणि तिथंच राहिली. अशा माझ्या किती चिठ्ठ्या किती फाइलींना टाचल्या असतील, मोजदाद नाही. आणि माझ्या चिठ्ठीच्या भरवशावर आजीनं अपील केलं नाही. अपिलाची मुदत साठ दिवसांची. ते दिवस माझ्या चिठ्ठीने खाल्ले.

मग आजीच्या गावातल्या पोरांनी मला कायदा दाखवला. म्हणाले, "साहेब, तुम्ही चिठ्ठी काहून देता? यात तुमचा नंबरच नाही." मी वाचलं. खरंच नाही. दावा मागवायचा, तपासायचा आणि ठराव करायचा अधिकार कलम ६ प्रमाणे ग्रामसभेचा. त्याच्यावर उपविभागीय समिती, तिथं एस.डी.ओ. अध्यक्ष. त्याच्यावर जिल्हा समिती, तिथं कलेक्टर अध्यक्ष. खात्याचे अधिकारी आहेत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत. आमदाराची तिथं खुर्चीच नाही. इतकी वर्षं लोक माझ्या दारात पट्टा मागत उभे राहिले आणि मी माझ्याकडं नसलेली वस्तू वाटत राहिलो.

पोरांनी काय केलं ते ऐका, कारण तेच आजचं शिकायचं आहे. त्यांनी ग्रामसभा बोलावली. माहिती काढली की दावा कोणत्या पातळीवर, कोणत्या कारणाने नामंजूर झाला. नियम १२-अ सांगतो, की नामंजुरी दावेदाराला प्रत्यक्ष कळवली पाहिजे, कारण लेखी दिलं पाहिजे. कारण निघालं, "पुरावा नाही." म्हणजे काय, तर उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही. नियम सांगतो, उपग्रहाचा फोटो पुराव्याला जोड म्हणून चालतो, दुसऱ्या पुराव्याच्या जागी चालत नाही. आता पुरावा कोणता? गावच्या दोन म्हाताऱ्यांनी जबाब दिला, अमक्या दुष्काळाच्या साली हिच्या सासऱ्याने ती बांधी काढली. तो जबाब लिहून घेतला. शेताच्या धुऱ्यावरचं दैवत, जुनी विहीर, मोहाची झाडं, यांचा पंचनामा केला. आणि आजीनं पेटीतून एक पिवळा कागद काढला. तिच्या सासऱ्याला जंगलात नांगर घातला म्हणून झालेल्या दंडाची पावती.

बघा गंमत. ज्या कागदाने तेव्हा अपमान केला, तोच कागद आज साक्ष देतो. दंड केला म्हणजे शेत होतं. शेत होतं म्हणजे दावा खरा. आजीनं ती पावती एवढी वर्षं का जपली? ती म्हणाली, "पैसे भरले होते ना बाबू, म्हणून ठेवली."

ग्रामसभेने ठराव केला, सगळं जोडून वर पाठवलं. फाइल पुन्हा उघडली आहे. निकाल अजून लागला नाही, म्हणून मी जिंकलो-जिंकलो म्हणणार नाही. पण कलम ४, पोटकलम ५ सांगतं, की पडताळणीची प्रक्रिया पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही. आजीला आता मी उत्तर देऊ शकतो. माय, धान पेर. तुझी फाइल उघडी आहे आणि तुझी ग्रामसभा तुझ्या मागं उभी आहे.

आता दिल्लीकडं बघू. तिथं काय शिजतं ते आपल्या चुलीपर्यंत येतं.

पहिली गोष्ट कोर्टाची. प्रकरण चालू आहे. राज्यं आता सांगतायत की नामंजूर दावे पुन्हा तपासतो. ही तपासणी जर पुन्हा टेबलावर बसून झाली, ग्रामसभेला न विचारता झाली, तर उद्या कोर्टात सांगितलं जाईल, बघा, आम्ही दोनदा तपासलं, दोनदा नामंजूर झालं. म्हणून ही फेरतपासणी धोक्याचीही आहे आणि संधीचीही. मागच्या वर्षी मार्चमध्ये नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी पायी मुंबईला गेले, पायांना फोड आले. १२ मार्चला सरकारने लेखी दिलं की वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. ते सहा महिने कधीच सरले. निकाली काढणं म्हणजे नामंजूर करून मोकळं होणं नव्हे, हे आपण बोललं पाहिजे.

दुसरी गोष्ट जंगल कायद्याची. याच मार्चमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १९२७ च्या इंग्रजांच्या कायद्यात बदल करायचा मसुदा राज्यांना पाठवला. त्यात काय होतं? वन अधिकाऱ्याला गोळी चालवायला मोकळीक आणि खटल्यापासून संरक्षण. पैसे देऊन लोकांचे वनहक्क संपवायची तरतूद. इंग्रजाचा कायदा सुधारायचा म्हणून इंग्रजापेक्षा कडक करायचा! देशभरातून विरोध झाला आणि गेल्या महिन्यात, १५ नोव्हेंबरला, सरकारने मसुदा मागे घेत असल्याचं सांगितलं. हा आपला विजय आहे. पण मी सभागृहात शिकलो आहे, मसुदा मरत नाही, कपाटात झोपतो. कपडे बदलून परत येतो. कधी नियम म्हणून येतो, कधी परिपत्रक म्हणून.

तिसरी गोष्ट पैशाची. खाणीला, धरणाला, रस्त्याला जंगल दिलं की कंपनीकडून पैसे घेतात, दुसरीकडं झाडं लावायला. २०१६ साली या निधीचा कायदा झाला. या ऑगस्टमध्ये केंद्राने राज्यांना त्यातले ४७,४३६ कोटी रुपये दिले. इतकी झाडं लावायची तर जागा कुठून आणणार? मोकळी दिसेल ती. नकाशावर मोकळी दिसणारी जमीन म्हणजे आपलं चराईचं रान, आपली जबरानजोत, आपल्या सामूहिक हक्काचं जंगल. एका सकाळी तारेचं कुंपण येतं, सागाची रोपं येतात, आणि शेळ्या घेऊन गेलेल्या पोरीला गार्ड हाकलून लावतो. जंगल गेलं खाणीत, आणि भरपाई म्हणून गेलं आपलं रान. दोन्हीकडून आपलंच.

मग उपाय काय? ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगराकडं बघा. बॉक्साइटसाठी डोंगर मागितला होता. २०१३ साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही म्हणाल्या, नाही. डोंगर उभा आहे. ज्या कोर्टाच्या हुकुमाने आपल्याला फेब्रुवारीत झोप लागली नाही, त्याच कोर्टाने ग्रामसभेचा शब्द मानला होता. मग फरक कशाने पडला? तिथं लोक स्वतः बोलले, आणि बोललेलं नोंदवलं गेलं. फेब्रुवारीत कोर्टापुढं फक्त आकडे होते, किती नामंजूर, किती बाकी. आजीचा जबाब नव्हता, पिवळी पावती नव्हती.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. राष्ट्राचं धोरण दिल्लीत ठरतं हे खरं. पण ते आपल्या शिवारात कुठवर येऊ शकतं, हे आपल्या ग्रामसभेच्या दप्तरावर ठरतं. ज्या गावाची वही भरलेली, त्या गावाला हलवणं अवघड. ज्या गावाची वही कोरी, त्या गावाबद्दल दुसराच कुणीतरी लिहितो.

मी काय करणार तेही सांगतो, नाहीतर म्हणाल साहेब हात झटकून गेले. याच महिन्यात नागपूरला अधिवेशन आहे. दावा नामंजूर झालेल्या प्रत्येकाला लेखी कारण दिलं का, हे मी सभागृहात विचारणार. सामूहिक हक्काच्या जंगलात ग्रामसभेच्या ठरावाशिवाय कुंपण घालू नका, ही मागणी लेखी करणार. उत्तर येईल ते, चांगलं असो वाईट असो, या पत्रिकेत छापायला देणार. आणि यापुढं वनपट्ट्यासाठी चिठ्ठी देणार नाही. माझ्या दारात कुणी आलं तर विचारीन, ग्रामसभेचा ठराव आणला का? रागावू नका. हे मी आधीच करायला पाहिजे होतं.

पुढच्या मेळाव्यात मला बोलवा. मी यातलं काही केलं नसेल तर मला शाल देऊ नका, खुर्चीही देऊ नका. खाली तुमच्यात बसवा आणि हिशोब विचारा, जसा तेंदूच्या बोदांचा विचारता.

जोहार!

मेळाव्यात ठरलेली कामे

१. प्रत्येक वनहक्क समितीने गावातील नामंजूर आणि पडून असलेल्या दाव्यांची यादी करावी. नामंजुरीचे कारण व तारीख लेखी मागावी आणि पोच घ्यावी.

२. लेखी नकार हातात आल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करावा. दिवस मोजावेत, कुणाच्या शब्दावर थांबू नये.

३. गावातील म्हाताऱ्या माणसांचे जबाब या उन्हाळ्याच्या आत लिहून घ्यावेत. जुन्या दंडाच्या पावत्या, निस्तारपत्रकाच्या नकला जपाव्यात. नकला काढून एक संच ग्रामसभेच्या पेटीत ठेवावा.

४. ठरावाच्या सभेला निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. सह्या-अंगठे त्याच बैठकीत घ्यावेत. घरोघर फिरून घेऊ नयेत.

५. तेंदू आणि बांबूचा हिशोब हंगाम संपल्यावर ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. बँकेचे व्यवहार दोघांच्या सहीने करावेत, त्यातली एक बाई असावी.

६. मोहाखालचा पाला जाळू नये. झाडून गोळा करावा.

हा अंक वाचून झाल्यावर दुसऱ्या टोल्यावर पाठवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा.